तंबूची दुसरी बाजू

११ जानेवारी

आईंना,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तुमचं-माझं नातं कोर्टाने केव्हाच निकालात काढलं आहे. ‘श्रीमती’ लिहावं तर तुम्ही पाकीट तसंच परत पाठवाल. म्हणून नुसतं ‘आईंना’. पटलं नाही तर सांगा, बदलते.

इतक्या वर्षांत मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. आपण एकमेकींवर रागावलो होतो असं काही मला आठवत नाही. मुलगा आणि सून वेगळे झाले की सासूने कुणाकडे उभं राहायचं हे कुणी शिकवत नाही. तुम्ही मुलाकडे राहिलात, ते ठीकच होतं. मग मला बोलायचा संकोच, तुम्हालाही असेल, आणि वर्षं निघून गेली.

आज लिहायचं कारण असं, की नदीकाठच्या बागेत वसंतात चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, उघड्यावर. त्यात माझी निवड झाली. बातमी आली तेव्हा मी भांडी घासत होते. हात पुसता पुसता पहिल्यांदा वाटलं, आईंना सांगायला हवं. माझं पहिलं चित्र तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात लावलं होतं, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत होतात, “आमच्या सुनेला माणसाचं तोंड काढता येत नाही, पण पाठ बघा किती छान काढते.” मी अजून पाठच काढते. रांगेत उभ्या माणसांची, दवाखान्यात बसलेल्यांची, खिडकीशी थांबलेल्यांची.

प्रदर्शनाची एकच अट जाचक आहे. प्रत्येकाने आपापला तंबू आणायचा. पांढरा, चौकोनी, आणि जमिनीत खुंट्या न ठोकता उभा राहणारा, कारण बागेच्या गवताखाली पाण्याचे नळ आहेत. मी आयुष्यात छत्रीसुद्धा नीट उघडलेली नाही हे तुम्हाला माहीतच आहे. पण जमेल. मदत वगैरे काही नको आहे, नुसतं कळवावं म्हणून लिहिलं.

तुमची
(कोण ते तुम्हीच ठरवा)


४ फेब्रुवारी

आई,

तुमचं कार्ड मिळालं. खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन होऊन तुम्ही पडून आहात, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि पुढच्या ओळीत “तंबू कसला घेतलास ते सविस्तर लिही, छताकडे बघून डोळे शिणले” असं लिहिलंत. जन्मभर मेट्रन म्हणून दुसऱ्यांना पलंगावर निजवून ठेवलंत, आता तुमची पाळी. नर्सेसना फार छळू नका.

तर तंबू. पहिला आणला तो चुकला. दुकानात निळा होता, स्वस्त होता, हलका होता. पांढऱ्याच्या अटीचं काय, असं मनात आलं, पण म्हटलं सरावाला होईल. आमच्या इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा आहे, तिथे तो उभा केला आणि आत चित्रं लावून पाहिली. आई, सगळी चित्रं निळी पडली. छतातून येणारा उजेडच निळा, त्यात पिवळा रंग हिरवा दिसतो आणि माणसाची मान मेल्यासारखी दिसते. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बघायला आले. त्यांनी बराच वेळ विचार करून विचारलं, “ही सगळी बुडालेली माणसं आहेत का?” तेव्हा कळलं पांढऱ्याची अट का घालतात ते.

शिवाय त्याचे पाय तिरके होते. खाली ऐसपैस, वर आखूड. भिंतीला चित्र लावलं की ते पोटात गेल्यासारखं आत झुकायचं. मी हे सगळं डॉक्टरांना समजावून सांगत होते, तेवढ्यात वारा आला. फार नव्हता, पडदा हलेल एवढा. तंबूने जमीन सोडली आणि डॉक्टरांच्या गाडीवर जाऊन बसला, अगदी ऐटीत. गाडीला ओरखडा आला नाही. डॉक्टरांनी स्वतः मला तो घडी करून दिला, बहुधा लवकर जावा म्हणून.

दुकानदाराने परत घेतला. आता दुसरा शोधते आहे. सरळ पायांचा, पांढरा, आणि पायांना वजनं बांधता येतील असा.

तुम्ही पाय हलवायला लागलात का? तुम्ही लिहिलंय, “ही मला रोज सकाळी दारापर्यंत चालवते.” ‘ही’ कोण हे मी विचारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

तुमची
निळीजांभळी


१ मार्च

आई,

तंबू मिळाला. या वेळी घाई केली नाही. दुकानातला विक्रेता ‘कॅनोपी, कॅनोपी’ म्हणत होता आणि मी ‘तंबू’ म्हणत होते, तरी आमचं जमलं. मी प्रत्येक नमुन्याच्या आत जाऊन उभी राहिले, हात वर करून पाहिलं, सांधे हलवून पाहिले. एकाचं छत सपाट होतं. विक्रेत्याने त्यावर बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं, लगेच डबकं साचलं. तो बाद. मी घेतला त्याचं छत उंच टोकदार आहे आणि टोकाशी झाकण असलेली फट आहे. वारा आत शिरला तर तिथून निघून जातो, तंबूला उचलत नाही. तिन्ही बाजूंना जाळ्या लावायच्या आणि त्यांना आकड्यांनी चित्रं अडकवायची. पायांसाठी वाळूच्या पिशव्या. त्या मी स्वतः भरल्या, शिवल्या. तुम्ही शिकवलेले दुहेरी टाके घातलेत, वाळूचा कण बाहेर येत नाही.

आत उभी राहिले तेव्हा फार छान वाटलं. पांढरा मऊ उजेड, तिन्ही बाजूंनी आपलीच चित्रं. स्वतःची खोली असल्यासारखं. तुमच्या घरातून निघाल्यापासून मी तीन भाड्याच्या घरांत राहिले, पण एकातही असं वाटलं नव्हतं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

अडचण एकच आहे. सांगाडा लोखंडी, म्हणून भक्कम. आणि भक्कम, म्हणून जड. शिवाय तो उघडायला दोन माणसं लागतात. एकाने एक बाजू धरायची, दुसऱ्याने समोरची, आणि दोघांनी एकाच वेळी मागे मागे जायचं. मग तो कात्रीसारखा उघडतो. मी एकटीने करून पाहिलं. एक बाजू ओढायची, पळत जाऊन दुसरी ओढायची, तोवर पहिली मिटलेली असते. माझ्या धावपळीकडे बघायला खिडक्यांतून माणसं जमली. शेवटी मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि वर निघून आले.

पण सोय झाली आहे. माझ्या चित्रांना चौकटी करते ती मैत्रीण येणार आहे. अंगाने दणकट आहे, दोन दोन चौकटी काखेत मारून जिने चढते. तेव्हा काळजी नको.

तुम्ही काठी घेऊन गॅलरीपर्यंत गेलात हे वाचून मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुमची


१४ मार्च

आई,

नको. तुमचं कार्ड वाचल्यावर लगेच लिहिते आहे, कारण तुम्ही एकदा मनात घेतलं की ते करून टाकता.

“तुझ्या मैत्रिणीचा भरवसा नाही, हिला पाठवते, ही पोहायला शिकवते, हिच्या दंडात ताकद आहे.” आई, तुम्ही हे लिहिताना हसत होतात का? माझ्या जागी जी आली, तिने येऊन माझा तंबू धरायचा? मला तिचा राग नाही, खरंच नाही. आमचं सगळं संपल्यावर पुष्कळ काळाने ती त्याला भेटली, हे मला ठाऊक आहे. मी तिला एकदाच पाहिलंय, बुटांच्या दुकानात, लांबून. ती तुमच्यासाठी चपला बघत होती. विक्रेत्याला सांगत होती, “त्यांच्या उजव्या पायाला कुरूप आहे, तिथे मऊ हवं.” ते कुरूप मला माहीत होतं. मी काहीच न घेता दुकानातून बाहेर पडले.

तर राग नाही. पण तो दिवस माझा आहे. त्या दिवशी मला कुणाशी चांगलं वागायची मेहनत करायची नाही.

हे कठोर वाटलं तर माफ करा. गॅलरीत जास्त वेळ उभ्या राहू नका.

तुमची


२ एप्रिल

आई,

प्रदर्शन पुढच्या रविवारी. चित्रं बांधून झाली, टेम्पो ठरला. तंबू तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला दातांचे डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर तयार झाले आहेत. डॉक्टरांना मी एक पाठ दिली, त्यांच्या दवाखान्यात लावायला. खुर्चीत बसलेला रुग्ण, मागून. त्यांना फार आवडलं. म्हणाले, तोंड दिसलं असतं तर पेशंट घाबरले असते.

मैत्रिणीची पाठ भरली आहे. चौकटीच उचलताना. आडवी पडून आहे, हसूही शकत नाही म्हणते. रविवारी ती येणार नाही.

तुम्हाला सांगते आहे म्हणून याचा दुसरा अर्थ काढू नका. बागेत कुणीतरी भेटेलच. लोक चांगले असतात. त्या दिवशी वारा आहे असं सांगतात, पण हवामानवाल्यांचं काही खरं नसतं.

तुमचं पाठमोरं चित्र मी नेते आहे. खिडकीशी बसून वेणी घालताना. तुम्हाला माहीत नव्हतं मी ते काढलंय. विकायला नाही, सोबतीला.

तुमची


१० एप्रिल

आई,

आता सगळं सुरुवातीपासून सांगते. तिने तुम्हाला तिच्या बाजूने सांगितलंच असेल, पण माझी बाजूही ऐका.

सकाळी बाग नुसती गजबजली होती. टेम्पोवाला सामान उतरवून निघून गेला. आजूबाजूला सगळ्या जोड्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, मायलेकी. भराभर तंबू उघडत होते, जसं काही शेतात पांढरी फुलं उमलताहेत. मी बॅगेवर बसले होते. कुणाला हाक मारावी असा विचार करत होते, पण प्रत्येकाचे हात गुंतलेले. शेजारच्या जागेवर मातीची भांडी करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा नवरा तंबूखाली अडकला होता आणि त्या त्याला बाहेर काढत होत्या. त्यांना काय विचारणार?

तेवढ्यात समोर दोन लांबच लांब पाय येऊन थांबले. वर पाहिलं तर ती. एवढी उंच असेल असं दुकानात वाटलं नव्हतं. काखेत थर्मास. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली,

“आईंनी सांगितलंय, बोलायचं नाही. नुसतं धरायचं.”

आणि खरंच त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. तुमचा धाक अजून तसाच आहे म्हणायचा. तिने थर्मास गवतात ठेवला, समोरची बाजू धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. काय करणार? मी माझी बाजू धरली. दोघी मागे मागे गेलो. तंबू उघडला, आई, असा सहज उघडला की मला त्याचा रागच आला. मग वर कापड ओढलं, पाय उंच केले, वाळूच्या पिशव्या बांधल्या, जाळ्या ताणल्या. सगळं मुक्याने, खुणांनी. मी बोट दाखवायचं, तिने करायचं. एकदा तिने माझ्या गाठीकडे पाहून मान हलवली, सोडली, आणि स्वतः घट्ट बांधली. तिची गाठ चांगली होती.

सगळं उभं राहिल्यावर ती बाहेर जाऊन थांबली, म्हणजे आता निघू का, अशी. मी म्हटलं, “आता बोललात तरी चालेल.”

ती एकदम हसली. म्हणाली, “बरं झालं. मला मघापासून शिंक येत होती.”

मग आम्ही चित्रं लावली. तिला त्यातलं काही कळत नाही असं ती आधीच सांगून मोकळी झाली. पण तुमचं चित्र कागदातून काढलं तेव्हा हात थांबले तिचे. नुसती पाठ, खिडकी, वेणीचे तीन पेड. ती म्हणाली, “ह्या तर आई.” मी विचारलं, कशावरून. म्हणाली, “डावा खांदा खाली आहे ना. मी रोज मागून चालते त्यांच्या, पडू नयेत म्हणून.” आई, त्या खांद्यासाठी मी ते चित्र चार वेळा पुसलं होतं. जो कोणी बघायचा तो म्हणायचा, खांदा चुकलाय. ती पहिली, जिला तो बरोबर वाटला. मी जाळीकडे तोंड करून आकडे लावत बसले थोडा वेळ. तिने थर्मासमधला चहा ओतून माझ्या शेजारी ठेवला आणि पुढच्या चित्राचा कागद सोडायला घेतला.

चहाच्या वासाने मातीकामवाल्या बाई आल्या. त्यांचा नवरा सुखरूप निघाला होता. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, “बहिणी का तुम्ही?”

आपल्या भाषेत या नात्याला एकच शब्द आहे, आणि ‘सवत’ काही चारचौघांत म्हणता येत नाही. ती शांतपणे म्हणाली, “नाही. जावा. आमची सासू एकच आहे.”

सासूपुरतं तरी खोटं एक अक्षर नाही त्यात. बाई म्हणाल्या, जावा-जावांत एवढं प्रेम आजकाल कुठे बघायला मिळतं. त्या गेल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसू सुटलं ते आवरेना. मी खुर्चीत बसले, ती वाळूच्या पिशवीवर. समोरून दोन-तीन गिऱ्हाइकं येत होती ती आम्हाला बघून पुढेच गेली.

दुपारी वारा आला. हवामानवाल्यांचं या वेळी खरं निघालं. आधी सगळी छतं एकदम फुगली, मग रांगेच्या टोकाचा एक तंबू उठला आणि कारंज्यात जाऊन पडला. सगळीकडे धावाधाव. आमचा वरच्या फटीतून शीळ घालत होता, पण उचलला जात नव्हता. तरी ती उडी मारून वरच्या दांडीला लोंबकळली, अख्ख्या वजनाने, आणि आत जे चित्रं बघायला आलेले लोक होते त्यांना म्हणाली, “एकेक पाय धरा हो, पाहुणे.” तिचा आवाज तुम्ही ऐकलाय ना? तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. लोकांनी निमूट धरले. एका कोपऱ्यात मी, एका कोपऱ्यात टोपीवाले गृहस्थ, एकीकडे एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि चौथ्या कोपऱ्यात मातीकामवाल्या बाईंचा नवरा. तो बिचारा म्हणाला, आज माझ्या नशिबात तंबूच आहेत.

वारा बराच वेळ थांबेना. पाय सोडता येत नाहीत, तर करायचं काय? सगळे चित्रं बघत राहिले. टोपीवाल्यांच्या नाकासमोर ते रांगेचं चित्र होतं, पावसात रॉकेलसाठी डबे घेऊन उभी माणसं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती त्यांना. वारा पडल्यावर ते म्हणाले, “मी सोडायला तयार आहे, पण हे चित्र मला सोडवत नाही. यातला तिसरा माणूस माझ्या वडिलांसारखा उभा आहे.” त्यांनी ते घेतलं. जोडप्याने बाकावरच्या दोघांचं घेतलं. आणि मग त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं असेल की काय, कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत आमच्या तंबूत उभं राहायला जागा नव्हती. दोन बायकांना तुमचंच चित्र हवं होतं. मी नाही म्हणायच्या आत तिने त्यावर ‘विकलेलं’ अशी चिठ्ठी लावली. कुणाला विकलं, असं मी विचारलं. म्हणाली, “आपल्या घरी.” कुठल्या घरी ते मी विचारलं नाही, आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. आता तुमच्या खोलीत लागलंही असेल.

तुमच्या मुलाबद्दल आम्ही फारसं बोललो नाही. एकदाच मी विचारलं, अजून ओला टॉवेल पलंगावर टाकतो का. तिने नुसती मान हलवली. तेवढ्यात आमचं सगळं बोलून झालं.

निघताना पाऊस आला, अगदी घडी करायच्या वेळी. तंबू ओलाच मिटवला. तो बॅगेत जाईना. सकाळी त्याच बॅगेतून निघाला होता, संध्याकाळी दुप्पट झाला होता. ती वर बसली, मी चेन ओढली, दोघी चिंब. माझ्याकडे वाळत घालायला जागा नाही. गॅलरीत एक चादर मावत नाही. ती म्हणाली, आमच्याकडे गच्ची आहे, आणि तिने तो गाडीत टाकला.

आज सकाळी तिचा फोन आला. तंबू तसाच बॅगेत आहे. गच्चीवर नेला, पण एकटीला उघडत नाही. तुमचा मुलगा कामासाठी बाहेरगावी, शनिवारी येणार. मी म्हटलं, ओलं कापड तोवर ठेवलं तर काळी बुरशी धरेल, मग धुऊनही जात नाही. ती म्हणाली, “मग काय करायचं?” आणि थांबली. तिला काय करायचं ते पक्कं माहीत होतं, आई. तुमच्याकडून शिकली आहे हे गप्प बसणं. मागून तुमचा आवाजही येत होता, तिला काहीतरी सांगत होतात.

मी उद्या सकाळच्या गाडीने येते. दोन तासांचा तर रस्ता आहे. इतकी वर्षं तो कुणी लांब करून ठेवला होता, देव जाणे.

त्यामुळे हे पत्र टपालात टाकत नाही. आणून हातातच देईन. तुम्ही मात्र ते आम्ही गच्चीवर गेल्यावर वाचा. माझ्यासमोर वाचायला घेतलंत, तर मला तुमच्याकडे पाठ करून उभं राहावं लागेल.

तुमची
थोरली